एक नग जांभळे गांडूळ

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर माझ्या धाकट्या मेहुण्याचा आणि एका बास माशाचा फोटो सात महिने लटकत होता. फोटोत दोघांचीही तोंडं उघडी होती. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याने तो स्वतः फ्रेम करून आणला. बहिणीच्या लग्नाच्या वाढदिवसाला माणूस चादर देईल, घड्याळ देईल. स्वतःचा माशाबरोबरचा फोटो देणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो माझ्या वाट्याला आला. बायकोने फोटो लगेच टांगला. कुठे, तर ज्या खिळ्यावर माझं पंचवीस वर्षांच्या निष्कलंक सेवेचं प्रमाणपत्र होतं, त्या खिळ्यावर. खिळा मी ठोकला होता. प्रमाणपत्र दारामागे गेलं. तिथे ते दार लावल्यावरच दिसतं, आणि आमचं दार दिवसभर उघडं असतं.

मी कार्यालयात अभिलेख विभागाचा प्रमुख आहे. एकतीस वर्षांत मी एकही रकाना कोरा सोडलेला नाही आणि मला कधी साधा मेमोही मिळालेला नाही. अशा माणसाच्या डोळ्यांना खोट खुपते. एका रविवारी मी पट्टी घेऊन खुर्चीवर चढलो आणि फोटो मोजला.

"हे बघ," मी बायकोला म्हणालो, "याने हात लांब करून मासा कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरलाय. याचा अंगठा याच्या कपाळापेक्षा रुंद आलाय. त्या हिशोबाने मासा वीतभर असेल."

बायको शर्टाला बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तुम्ही धरा ना एक. अगदी वीतभर का असेना. त्या दिवशी मी स्वतः हा फोटो काढते आणि तुमचा लावते. तोवर खुर्चीवरून उतरा."

"लिहून देतेस?"

"बोलतेय ते पुरे नाही का?"

मी उतरलो. पण मनाने मी त्या खुर्चीवरच राहिलो. तो खिळा मला परत हवा होता.

बास हा मासा आपण समजतो तसा गरीब नाही. हिरवट अंग, रुंद जबडा आणि चिडका स्वभाव. भूक नसली तरी समोरून काही वळवळत गेलं की निव्वळ राग आला म्हणून तो झडप घालतो. म्हणून त्याला खरं आमिष लागत नाही, खोटं चालतं. हे पुस्तकात वाचल्यावर मला त्या माशाबद्दल आपुलकी वाटू लागली. कार्यालयात मला अशी झडप घालावीशी पुष्कळदा वाटलेली आहे.

गळाचं सामान विकणारा दुकानदार पाठमोरा बसून रीळ पुसत होता. त्याने मला पहिला प्रश्न विचारला, "पाणी कसं आहे?"

"तलावाचं आहे," मी म्हणालो.

त्याने रीळ खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की यापुढे तो माझ्याशी सावकाश बोलणार आहे. स्वच्छ पाण्यात फिके, माशासारखे दिसणारे रंग. गढूळ पाण्यात गडद, काळे नाही तर जांभळे. पहाटे पाण्यावर टपटपत जाणारं आमिष, ऊन चढलं की तळाशी सरपटणारं. त्याने काउंटरवर एकेक मांडायला सुरुवात केली. पोट फुगलेले लाकडी मासे, चकाकणारी पाती, बेडूक, आणि एका पाकिटात दहा जांभळी गांडुळं, रबरासारख्या मऊ प्लास्टिकची, सहा इंची, वळणदार शेपटीची. दोरीही तीन प्रकारची निघाली. एक ताणली जाणारी, एक पाण्यात न दिसणारी आणि एक विणलेली, जी म्हणे माणसालाही ओढेल.

"घ्यायचं काय?" मी विचारलं.

"ते तुम्ही मासा कुठे बसलाय त्यावर ठरवा. पण एक लक्षात ठेवा साहेब, हाताकडे बघायचं नाही, दोरीकडे बघायचं. बास ओढत नाही. दोरी नुसती बाजूला सरकते. तुम्हाला वाटतं वारा आहे, आणि तो तुमचं आमिष थुंकून गेलेला असतो."

मी घरी येऊन तौलनिक तक्ता केला. उभे अकरा रकाने, आडव्या चौदा ओळी.

आता आमच्या इमारतीत कुठलीही गोष्ट खाजगी राहत नाही. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ हवामान खात्यातून निवृत्त झाले आहेत, त्यांना सगळे वेधशाळा म्हणतात. ते जिन्यात माझ्या हातातला रॉड पाहून थांबले. म्हणाले, "आमिषाचं सोडा. हवेचा दाब उतरला पाहिजे. दाब उतरला की मासा खातो. मी सांगेन तेव्हाच जायचं." त्यानंतर ते रोज सकाळी बेल वाजवून "आज नको" एवढंच सांगत आणि जात. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोरीचा तक्ता वाचला आणि दात साफ करायच्या दोऱ्याला एक रकाना नसल्याबद्दल नाराजी दाखवली. मेण लावलेला असतो, त्या म्हणाल्या, आणि दाढेत अडकूनही तुटत नाही. मी तोही रकाना वाढवला. सल्ला देणाऱ्याला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही, आणि त्याचेच भोग मी भोगतो.

सरावाची सुरुवात गच्चीवर झाली. एका टोकाला बादली ठेवायची आणि दुसऱ्या टोकावरून आमिष तिच्यात टाकायचं. सतराव्या फेकीला लाकडी मासा बादलीवरून, कठड्यावरून आणि गल्लीवरून गेला आणि पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर उतरला. मी रीळ फिरवलं. काहीतरी जड लागलं. मला आनंद झाला, हे कबूल करतो. विणलेली दोरी खरोखरच माणसाला ओढेल अशी होती, कारण तिने एका अनोळखी कुटुंबाची कपडे वाळत घातलेली अख्खी दोरी ओढून आणली. मी सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून परत नेऊन दिले. त्या बाईंनी दार अर्धवट उघडून ते घेतले आणि एक पायमोजा कमी असल्याचं सांगितलं. तो पायमोजा माझ्याकडे नव्हता आणि नाही.

गळ बांधायच्या गाठीचा सराव मात्र मी कार्यालयात केला. या गाठीत दोरी दुहेरी करून घ्यायची, वेढा द्यायचा, थुंकी लावून ओढायची. मग ती जेवढी ओढाल तेवढी आवळते. दोऱ्याऐवजी माझ्यासमोर फायलींच्या नाड्या होत्या. आठवडाभरात माझ्या विभागातल्या दोनशे फायली या गाठीने बांधल्या गेल्या. सोमवारी साहेबांना बैठकीच्या आधी एक फाइल उघडेना. त्यांनी दात लावून पाहिले. शेवटी कात्री आणली. मला वाटलं, संपली आपली निष्कलंक सेवा. पण साहेब म्हणाले, "गोपनीय फायली यापुढे अशाच बांधत चला." तसा लेखी आदेश निघाला. त्यामुळे माझी छाती थोडी फुगली आणि मी गळ टाकायच्या परवान्याच्या मागे लागलो.

तलाव कार्यालयातला अर्ज दोन पानी होता. सातवा रकाना आमिषाचा. छापील पर्याय तीन: गांडूळ, पिठाची गोळी, इतर. मी 'इतर'समोर खूण केली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'गांडुळाची प्लास्टिक प्रतिकृती'.

खिडकीतल्या लिपिकाने ते वाचून चष्मा काढला. "सरळ गांडूळ लिहा ना."

"पण ते गांडूळ नाही."

"दिसतं गांडुळासारखं?"

"हुबेहूब."

"मग माशाला जे गांडूळ वाटतं ते आम्हाला चालतं. तुम्ही कशाला खोलात जाता?"

"खोटं कसं लिहू?" मी म्हणालो. हे वाक्य मी जरा मोठ्याने म्हणालो असेन, कारण रांगेतले लोक माझ्याकडे बघायला लागले.

लिपिकाने शांतपणे अर्ज बाजूला ठेवला. प्लास्टिक म्हटल्यावर कागद प्रदूषण शाखेकडे गेला. प्रदूषण शाखेने नमुना मागितला. नमुन्यासाठी मी गांडूळ नेऊन दाखवलं तेव्हा त्यांनी रंग जाहीर करायला सांगितला. मग लांबी. मग हे गांडूळ खेळणं आहे की अवजार, यावर अभिप्राय. मी त्या लिपिकाच्या जागी असतो तर हेच केलं असतं, आणि म्हणूनच मला जास्त राग येत होता. पाचव्या आठवड्यात परवाना हातात पडला. त्यात लिहिलं होतं: 'अर्जदारास प्रायोगिक तत्त्वावर एक नग जांभळे प्लास्टिक गांडूळ (लांबी सहा इंच) वापरून येत्या रविवारी सूर्योदयापासून दुपारी बारापर्यंत गळ टाकण्यास परवानगी देण्यात येत आहे. बारा इंचांखालील मासा तत्काळ पाण्यात सोडावा.'

"एक नग म्हणजे एका वेळी एक, की एकूण एक?" मी विचारलं.

"एक नग म्हटलंय."

"हरवलं तर?"

"नव्याने अर्ज करा," लिपिक म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

रविवारी पहाटे मी निघालो. बेडूक, पाती, लाकडी मासे, उरलेली नऊ गांडुळं, सगळं घरी ठेवलं. परवान्यात एक होतं, मी एक घेतलं. पिशवीत बायकोने दिलेला चहाचा थर्मास, साखरेचा डबा आणि त्यात एक चमचा. वेधशाळा जिन्यात उभे होते. म्हणाले, "आज मुळीच नको, दाब चढलाय." मी त्यांना नमस्कार केला आणि त्यांच्या बाजूने खाली उतरलो. एकतीस वर्षांत कुणाच्या सल्ल्याला असा वळसा घातल्याचं मला आठवत नाही.

मेहुणा कॅमेरा आणि घडीची खुर्ची घेऊन तलावावर हजर होता. तो माझं मार्गदर्शन करणार होता. "भावोजी, मनगट सैल. भावोजी, खांदा नको. भावोजी, तुम्ही माशाला घाबरवताय." असं तो दोन तास बोलत होता. त्यानंतर तो म्हणाला की नऊनंतर बास तोंड उघडत नाही, आणि नाश्ता करायला निघून गेला. कॅमेरा गळ्यातच घेऊन गेला.

तलावाचा पहारेकरी तेवढ्यात फेरीवर आला. सावकाश चालणारा, खाकी टोपीचा माणूस. त्याने परवाना वाचला, खिशातून पट्टी काढली आणि गांडूळ मोजलं. सहा इंच भरलं. तो समाधानाने गेला. दहा वाजता एका चिल्लर माशाने गांडुळाची शेपूट तोडून नेली. पहारेकरी परत आला, परत मोजलं आणि म्हणाला, "साहेब, आता हे पाच इंची आहे."

"ओढून बघा."

त्याने ओढलं. रबरासारखं ताणलं गेलं, सहा झालं. "धरून ठेवलं तर सहा आहे," तो विचार करून म्हणाला, "चालवून घेतो." माणूस चांगला होता.

अकराच्या सुमारास पाण्यात बुडालेल्या एका ओंडक्याजवळ मी ते पाच-सहा इंची गांडूळ टाकलं, ते ओंडक्यात रुतलं आणि तिथेच राहिलं. दोरी हलकी होऊन परत आली. गळ शाबूत, गांडूळ नाही. परवान्याप्रमाणे माझी मासेमारी संपली होती.

मी काठावर बसलो. बारा वाजायला पाऊण तास होता. त्या ओंडक्याखाली मासा होता, हे मला माहीत होतं. मघाशी त्याने पाण्याच्या आतून एकदा रागाने वळण घेतलेलं मी पाहिलं होतं. मला हॉलमधला खिळा दिसायला लागला. त्यावरचं उघडं तोंड दिसायला लागलं, मेहुण्याचं आणि माशाचंही. आणि मला राग आला. मेहुण्याचा नाही, लिपिकाचाही नाही. माझाच राग आला. एका माणसाने खिडकीत बसून 'एक नग' लिहिलं आणि मी शहाण्यासारखा नऊ गांडुळं कपाटात ठेवून आलो. एकतीस वर्षं मी हेच करत आलो होतो आणि त्याचं प्रमाणपत्र दारामागे होतं.

मी साखरेच्या डब्यातला चमचा काढला. बायकोच्या आवडत्या सेटमधला, दांड्यावर जाळीची नक्षी असलेला. जाळीच्या एका भोकातून दोरी ओवली आणि गाठ मारली. त्याच भोकातून दोरीचा आखूड तुकडा घेऊन चमच्याच्या वाटीमागे गळ लोंबता बांधला. दोन्ही गाठी थुंकी लावून आवळल्या. साहेबांनी लेखी मान्य केलेल्या गाठी होत्या, सुटणं शक्य नव्हतं.

चमचा ओंडक्याच्या पलीकडे पडला. मी दोन वेढे रीळ फिरवलं आणि थांबलो. चमचा डोलत, चमकत खाली जायला लागला. मनगट सैल, खांदा नको, हवेचा दाब, काहीच आठवलं नाही. मी फक्त दोरीकडे बघत होतो. दोरी हातभर बाजूला सरकली. वारा अजिबात नव्हता.

मी रॉड उचलला. मासा पाण्याबाहेर आला तो तोंड वासूनच, डोकं असं झटकत की माझ्यावर त्याचा काही वैयक्तिक राग असावा. तो ओंडक्याकडे धावला, मी त्याला वळवला. तो खाली गेला, मी गुडघाभर पाण्यात गेलो. बूट आत, पँट आत, परवाना खिशातच. शेवटी त्याचा खालचा जबडा मी अंगठ्याने धरला. मी एकटाच होतो आणि मोठ्याने हसत होतो. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

"वर आणा," मागून पहारेकरी म्हणाला. त्याने पट्टी लावली. "साडेअकरा."

"शेपूट चिमटीत धरून मोजतात."

"चिमटीत धरूनच साडेअकरा. सोडावा लागेल."

मी मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला. तो क्षणभर तसाच राहिला, मग माझ्या तोंडावर पाणी उडवून निघून गेला. पहारेकरी अजून दोरीकडे बघत होता.

"हे काय आहे?"

"चमचा," मी म्हणालो.

"परवान्यात गांडूळ आहे."

"माहीत आहे."

"मला लिहावं लागेल साहेब."

"लिहा," मी म्हणालो. "नीट लिहा." त्याने लिहिलं, मी सही केली, आणि त्याने चमचा जप्त केला.

मेहुणा साडेबाराला ढेकर देत आला. "लागला?"

"लागला. बास. साडेअकरा इंच."

"कुठाय?"

"सोडला."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं भावोजी. वाईट वाटून घेऊ नका." त्याने मला खोटारडा म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं. पण त्याने माझी समजूत घातली.

पुढचे नऊ दिवस वाईट गेले. डॉक्टरीणबाई भेटल्या की "सोडलात म्हणे" एवढंच म्हणत. वेधशाळांनी तर हिशोबच मांडला, की त्या दाबाला कुठलाही मासा खाणं अशक्य आहे, त्यामुळे मी जो सोडला तो मुळात नव्हताच. बायको हसली नाही. तिने फक्त चमचे मोजले.

"सहावा कुठाय?"

"सरकारकडे."

"अहो, हरवला असेल तर हरवला म्हणा. मी काही बोलले का?"

 फोटो खिळ्यावरच होता.

दहाव्या दिवशी पोस्टमन सहीचं पाकीट घेऊन आला. मी कार्यालयातून आलो तेव्हा बायको हॉलच्या मधोमध उभी होती आणि कागद तिच्या हातात होता. तिने मला बसूही न देता मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'विषय: कारणे दाखवा नोटीस. आपण दिनांक अमुक रोजी सकाळी अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी परवान्यात नमूद नसलेल्या आमिषाने साडेअकरा इंच लांबीचा एक बास मासा पकडल्याचे व पाण्यात सोडल्याचे निदर्शनास आले आहे. जप्त वस्तू: चहाचा चमचा, एक नग, जाळीदार दांडा. आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.'"

खाली सही होती. शिक्का होता. जावक क्रमांक होता.

"जाळीदार दांडा," बायको पुन्हा म्हणाली. मग तिने कागद टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि भावाचा फोटो स्वतःच्या हाताने उतरवला. "मला वाटलं, तुम्ही हरवलात चमचा," ती खुर्चीवरूनच म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा झाला होता. "प्रमाणपत्र लावू का परत?"

"नको. ते असू दे दारामागे."

पुढच्या रविवारी मेहुणा आला. नेहमीच्या जागी नजर गेली आणि तो उभाच राहिला. फ्रेम त्याचीच होती, आत नोटीस होती. त्याने ती पहिल्या ओळीपासून जावक क्रमांकापर्यंत वाचली.

"भावोजी, ही नोटीस आहे. नोटीस कुणी भिंतीवर लावतं का?"

"फोटो काय, कुणीही हात लांब करून काढतो," मी म्हणालो. "सरकारने पट्टी लावून, सही-शिक्क्यानिशी मान्य केलेला मासा तुझ्याकडे असेल तर आण. शेजारी जागा आहे."

तो बसला. बायकोने त्याला चहा दिला. साखर ढवळायला चमचा मागितला तेव्हा ती म्हणाली, "पाचच आहेत, पुरवून घे."

खुलाशाचा नमुना नोटिशीला जोडलेलाच होता, तीन रकान्यांचा. तो मी त्याच टेबलावर, त्याच्यासमोर भरला. पहिला रकाना, परवान्याबाहेरचे आमिष वापरण्याचे कारण. मी लिहिलं, 'गांडूळ संपले होते. मासा होता.' दुसरा रकाना, अन्य काही म्हणणे असल्यास. तिथे बायकोच्या सांगण्यावरून लिहिलं, 'चमचा परत मिळावा. सेट सहाचा आहे.'

तिसऱ्या रकान्यात 'पुन्हा असे घडणार नाही' अशी हमी द्यायची होती. तो मी कोरा सोडला.